पहिली बोलली ती तोरिका

माझ्या घरात दोन मुली वाढल्या. राईजेली माझ्या पोटची. तोरिका माझ्या भावाची, मालाकाईची. तिची आई गेली, मालाकाई ऑस्ट्रेलियात फळबागांवर कामाला गेला तो तिकडचाच झाला, आणि पोर माझ्याकडे आली. तेव्हा ती चपला उलट्या पायांत घालायची. राईजेली तिच्याहून वर्षानं मोठी. तिनं पहिल्याच दिवशी तोरिकाची चटई ओढून आपल्या चटईला लावली आणि मला म्हणाली, "आई, हिला मी बघते. तू जा तुझ्या चिंबोऱ्यांना."

चिंबोऱ्या धरणं हा माझा धंदा. ओहोटीला कांदळवनात उतरायचं, बिळात हात घालायचा, नांग्या बांधायच्या आणि शनिवारी लौटोका शहराच्या बाजारात जाऊन बसायचं. मुली माझ्यामागे यायच्या, पण चिखलात नाही. पाणी मागे हटलं की जी ओली वाळू उघडी पडते तिथं त्या चेंडू खेळायच्या. ओल्या वाळूत चेंडू घरंगळत नाही, जागीच बसतो. म्हणून तोरिका तो पायाच्या बोटांवर उचलून न्यायची. पुढं मैदानावर ती तेच करायला लागली तेव्हा समोरच्या मुली नुसत्या बघत राहायच्या.

आमच्या गावात पोरगे रग्बी खेळतात आणि पोरी बसून बघतात. या दोघी चड्ड्या घालून फुटबॉलला निघाल्या की पाद्र्याची बायको हटकायचीच.

"यांना नवरे कोण देणार गं, उनाईसी? गुडघे बघितलेस का यांचे?"

राईजेली चालता चालता मागे वळून म्हणायची, "बाई, गुडघे बघून येणारा नवरा आम्हाला नकोच!" तोरिका तोंड दाबून हसायची. बोलायचं काम राईजेलीचं, हसायचं तोरिकाचं. घरात असंच चालायचं.

शाळा संपल्यावर दोघींना रीफ क्लबात घेतलं. कोच विमल. उसाच्या शेतकऱ्याचा मुलगा, शाळेत गणित शिकवायचा, आणि मैदानावर घसा बसेपर्यंत ओरडायचा. "तोरिका बेटी, पास दे! बाकीच्या काय हवा खायला आल्यात?" पण तिनं एकटीनं गोल केला की हाच टोपी जमिनीवर आपटून नाचायचा.

तोरिका एकोणीस वर्षांची असताना आमच्या किनाऱ्याच्या लीगनं नवं बक्षीस जाहीर केलं. मोसमातली सर्वोत्तम तरुण खेळाडू, वय एकवीसच्या आत. लाकडात कोरलेलं कासव मिळणार होतं, आणि कासवापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे ब्रिस्बेनच्या एका क्लबात दोन वर्षांची जागा, खेळ आणि शिक्षण दोन्ही. माझ्या दोन्ही मुली त्या वयात बसत होत्या, पण नाव एकीचंच घेतलं जायचं. बसवाला, बाजारातल्या बायका, अगदी पाद्र्याची बायकोसुद्धा म्हणायची, "तोरिकालाच मिळणार."

राईजेली तर म्हणायची, "मिळू दे गं हिला. मी हिची बॅग उचलून विमानतळापर्यंत जाणार आणि मग बॅगेतच शिरणार."

"जाड आहेस. मावणार नाहीस," तोरिका म्हणायची.

"मग तुला बाहेर काढीन आणि मी जाईन!"

आम्ही सगळे हसायचो.

क्लबाचा मॅनेजर होता अपेनिसा. चर्चमध्ये प्रवचन करायचा. आवाज असा की मागच्या बाकावरचं पोरही गप्प बसेल. मुलींना बूट आणून द्यायचा, कुणाच्या घरी मयत झालं तर चटया घेऊन पहिला हजर. आईबाप त्याच्या भरवशावर मुली परगावी पाठवायचे. मीही पाठवल्या.

त्या मोसमात संघ बोटीनं दुसऱ्या बेटावर, लंबासाला, खेळायला गेला. परत आल्यावर दोघी स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसल्या. मी नारळ खवत होते. तोरिकानं खवणी माझ्या हातातून काढून बाजूला ठेवली.

"आत्या, अपेनिसानं मला बूट द्यायला म्हणून सामानाच्या खोलीत बोलावलं. आत गेल्यावर दार लावलं. माझे दोन्ही हात धरले आणि सोडेना. तोंडानं देवाचं बोलत होता आणि..." ती तिथं थांबली. पुढचं तिनं एकाच वाक्यात सांगितलं. ते वाक्य मी इथं सांगणार नाही, ते तिचं आहे.

"मग?"

"राईजेलीनं खांदा मारून दार उघडलं."

"त्याच्या तोंडावर म्हटलं, सोड तिला," राईजेली म्हणाली. "पायात बूट असते ना आई, तर लाथ घातली असती मेल्याला."

माझा नवरा इलिएसा दाराशी उभा राहून ऐकत होता. त्यानं ऊस तोडायचा कोयता उचलला. तोरिकानं जाऊन त्याचा हात धरला.

"नको काका. मग सगळे कोयत्याचंच बोलतील. मी सांगणार आहे. सगळ्यांसमोर. मागच्या वर्षी आमची गोलकीपर मधेच घरी निघून गेली, ती उगाच गेली का?"

"आणि मी पाहिलंय," राईजेली म्हणाली. "आम्ही दोघी सांगू."

आमच्या समाजात बाईनं असं उठून सांगणं सोपं नाही, त्यातून प्रवचनकाराबद्दल. पण त्या दोघी एकमेकींचा हात धरून बसल्या होत्या, आणि मला वाटलं, दोघी आहेत तर निभावेल.

तोरिकानं विमलला सांगितलं. तो पांढराफटक पडला, पण लीगकडे गेला. लीगनं समिती बसवली आणि दोघींना शहरात कचेरीत बोलावलं, एकेकीला आत. आधी तोरिका गेली. बाहेर आली तेव्हा चेहरा ओढलेला होता, पण मान ताठ होती. मग राईजेली आत गेली. तोरिका आणि मी बाहेर बाकावर बसलो होतो. थोड्या वेळानं राईजेली आली आणि सरळ तोरिकाचा हात हातात घेऊन शेजारी बसली.

"सांगितलंस सगळं?" तोरिकानं विचारलं.

"सांगितलं."

"दाराचं पण?"

"सगळं सांगितलं गं. चल, भूक लागलीय."

आम्ही तिघींनी बस स्टँडवर रोटी-भाजी खाल्ली. तोरिका बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली.

निकाल आला तो असा, की काही सिद्ध होत नाही, गैरसमज झालेला दिसतो, प्रकरण बंद. अपेनिसा मॅनेजर राहिला. तोरिकाला शेवटच्या सामन्यांत बाहेर बसवलं, 'विश्रांती' म्हणून. विमल तिच्याकडे न बघता म्हणाला, "बेटी, वरून सांगितलंय. मी काय करू?"

त्या संध्याकाळी दोघी अळूची पानं निवडत होत्या. तोरिका म्हणाली, "दोघींनी सांगूनही ऐकलं नाही गं त्यांनी."

"हो ना," राईजेली म्हणाली, आणि पानाची शीर ओढत राहिली.

ते 'हो ना' मी माझ्या कानांनी ऐकलंय. इतक्या सहज म्हणाली. आवाज जरासुद्धा हलला नाही.

बक्षीस समारंभाला तरीही सगळं गाव गेलं. तोरिकानं मोसमभर इतके गोल केले होते, शेवटचा शब्द लीगचा असला तरी मतं सगळ्या क्लबांच्या कॅप्टन आणि कोचांची होती, त्यामुळे अजून आशा होती. बायकांनी तिच्यासाठी फुलांची माळ केली, पुरुषांनी कमरेला नवे सुलू नेसले, आणि ट्रकच्या पाठीमागे बसून आम्ही गात गात शहराच्या हॉलवर पोहोचलो. तोरिका माझ्या शेजारी बसली, राईजेली तिच्या पलीकडे. राईजेलीचे हात गार पडले होते. मला वाटलं, बहिणीसाठी धडधडतंय.

लीगच्या अध्यक्षीणबाईंनी नाव वाचलं. राईजेलीचं.

मग सगळ्यात पहिली ओरडली ती तोरिका. "माझी बहीण!" ती उठून उभी राहिली, राईजेलीच्या पाठीत धपाटा घातला, गळ्यात पडली, तिला पुढं ढकललं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते वाईट वाटल्याचं नव्हतं. मी तिला लहानपणापासून ओळखते. तिला खरंच आनंद झाला होता. घरातलं घरात राहिलं, असं.

राईजेलीनं कासव हातात घेतलं. बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि माइकवर बोलायला लागल्या.

"राईजेली मैदानावर किती चांगली आहे हे तुम्हाला माहीत आहे. मला आज दुसरं सांगायचंय. आपल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यावर यंदा आळ आला. तेव्हा या मुलीनं स्वतःच्या नात्यागोत्याचा विचार केला नाही. समितीसमोर स्पष्ट सांगितलं, की दार उघडं होतं आणि तिनं वावगं काहीही पाहिलं नाही. असा प्रामाणिकपणा ज्या खेळाडूत असतो..."

पुढचं मला ऐकू आलं नाही. तोरिका टाळ्या वाजवत होती. तिचे हात तसेच समोरासमोर राहिले, मधे वीतभर अंतर ठेवून. तिनं व्यासपीठाकडे पाहिलं. राईजेली कासवाकडे बघत होती.

मग तोरिका उठली आणि रांगेतून वाट काढत बाहेर चालायला लागली. आमच्याच रांगेच्या टोकाला अपेनिसा बसला होता. त्यानं तिला जायला जागा दिली, गुडघे बाजूला घेतले आणि म्हणाला, "सांभाळून, बाळा."

माळ माझ्या मांडीवर होती. पाद्र्याच्या बायकोनं ती उचलून राईजेलीच्या गळ्यात घातली. आपल्याच गावाची मुलगी, एकीला नाही तर दुसरीला, असं त्या बाईला वाटलं, तिचा काही दोष नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोरिका स्वयंपाकघरात आली तेव्हा राईजेली चहा करत होती.

"का?" तोरिकानं विचारलं. एवढंच.

राईजेलीनं कप खाली ठेवला. "अपेनिसा समितीच्या आधीच भेटला होता मला. म्हणाला, दोघी बोललात तर दोघी बाहेर. एकीच बोलली तर एकीच जाईल."

"आणि?"

"आणि काय? तू तर बोलणारच होतीस. तुला मी अडवू शकत होते का? तू पडणारच होतीस तोरिका. मीपण तुझ्याबरोबर पडून काय मिळालं असतं? घरातली एक तरी बाहेर पडेल असं वाटलं मला."

"मग मला आधी सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तू बोलली नसतीस."

"बोलले असते. एकटी आहे हे माहीत असताना बोलले असते." तोरिकाचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "तू बाहेर येऊन माझा हात धरलास. भूक लागलीय म्हणालीस. ते का केलंस? त्याला कुणी भाग पाडलं होतं तुला?"

राईजेली रडायला लागली. "मला नाही माहीत."

"मी तिथं शपथेवर सांगितलं की माझ्या बहिणीनं दार उघडलं. म्हणजे आता मी खोटारडी. तुझ्यामुळे."

मी मधे बोलले. राईजेलीला म्हटलं, "आजच्या आज कचेरीत चल. माझ्याबरोबर. खरं सांगून ये." राईजेलीनं मान हलवली. "जागा जाईल आई. आत्ता नाही." इलिएसानं तिला दोन तडाखे दिले असते, पण तो तोरिकाकडे बघून बाहेर निघून गेला. त्याला तिच्या समोर उभं राहवेना.

तोरिकानं चटई गुंडाळली. आमचं गाव माझं सासर. माझं माहेर, म्हणजे तिच्या बापाचं गाव, नदीच्या पलीकडे. ती तिकडे माझ्या म्हाताऱ्या काकांकडे जाऊन राहिली. शहरात एका बेकरीत पाव भाजायच्या कामाला लागली. रीफ क्लब सोडला. राईजेलीचं विमान निघालं त्या दिवशी अख्खं गाव विमानतळावर गेलं, ती आली नाही.

माझं काय झालं ते कुणी विचारलं नाही, पण सांगते. मुलगी परदेशी जाताना आई रडते. मी रडले, आणि रडताना मला कळत होतं की मी तिच्या जाण्यासाठी रडत नाहीये. जिनं खांदा मारून दार उघडलं होतं ती माझी मुलगी कुठं गेली, ते मला समजत नव्हतं. ब्रिस्बेनहून ती फोन करायची. थंडी, बस, जेवण, सगळं सांगायची. मी 'हं' म्हणायचे. दर वेळी शेवटी विचारायची, "ती काही बोलली?" मी सांगायचे, "नाही."

एक वर्ष गेलं, दुसरं अर्धं गेलं. शनिवारी मी बाजारात बसले होते तेव्हा शेजारची मिरच्यावाली रेडिओचा आवाज मोठा करत म्हणाली, "अगं, तुझी पोरगी!"

राईजेलीच होती. ऑस्ट्रेलियातल्या कुणी तिची मुलाखत घेतली होती आणि आमच्या रेडिओवर ती लावली होती. ती सांगत होती, की आमच्या क्लबाच्या मॅनेजरनं एका मुलीशी काय केलं ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. ती घाबरली होती. तिच्यावर दबाव होता. आज ती सुरक्षित आहे म्हणून बोलते आहे, म्हणजे मागे राहिलेल्या मुलींना बळ येईल.

एका मुलीशी. नाव नाही. ती मुलगी स्वतः आधीच बोलली होती हे नाही. समितीसमोर आपण काय सांगितलं, तेही नाही. ऐकणाऱ्याला वाटावं, इतकी वर्षं कुणी तोंडच उघडलं नव्हतं.

बाजारभर बायका माझ्याकडे आल्या. "काय खमकी पोरगी आहे तुझी!" "आईचं दूध बोलतंय!" एकीनं माझ्या गालाला गाल लावला. मी चिंबोऱ्यांवर पाणी मारत राहिले.

मुलाखतीचा परिणाम झाला, हे मी नाकारत नाही. चार मुली पुढं आल्या, ती गोलकीपरही आली. अपेनिसाला क्लबातून काढलं, चर्चनंही त्याला प्रवचनाला उभं करणं बंद केलं, पोलिसांत गुन्हा नोंदला. ते व्हायलाच हवं होतं. लीगनं जाहीर माफी मागितली. कुणाची, तर राईजेलीची. तिला दबावाखाली राहावं लागलं म्हणून.

त्या दिवशी मी नदी ओलांडून तोरिकाकडे गेले. ती अंगणात कपडे वाळत घालत होती.

"ऐकलंस?"

"बेकरीत रेडिओ असतो, आत्या." तिनं सदरा झटकला. "तो गेला, बरं झालं. खरंच बरं झालं. पण मला सांग, मी बोलले तेव्हा मी खोटारडी होते. तेच ती बोलली तर शूर. म्हणजे गोष्ट तीच, फक्त तोंड बदललं."

मी तिच्याबरोबर उरलेले कपडे वाळत घातले.

नाताळला राईजेली आली. माझ्या सासरच्यांनी ठरवलं होतं की हे आता रीतसर मिटवायचं. देवमाशाचा दात घेऊन अपराध्याच्या बाजूनं जायचं, मान खाली घालून माफी मागायची, समोरच्या वडीलधाऱ्यानं दात स्वीकारला की प्रकरण पुरलं. पुन्हा उकरायचं नाही. पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलंय. त्यामुळे माझ्या सासरचे लोक दात घेऊन माझ्या माहेरी गेले, आणि मी कुठल्या बाजूला बसावं हेच मला कळेना. शेवटी दाराजवळ बसले.

इलिएसाच्या थोरल्या भावानं दात पुढं धरून भाषण केलं. राईजेली त्याच्या मागे जमिनीला कपाळ लावून बसली होती, आणि ती मनापासून रडत होती, यात मला शंका नाही. म्हाताऱ्या काकांनी दात दोन्ही हातांत घेतला, वास घेतला, देवाचं नाव घेतलं आणि म्हणाले, "स्वीकारला. पोरी एकाच रक्ताच्या आहेत. झालं गेलं संपलं." सगळ्यांनी हाताची ओंजळ करून टाळ्या दिल्या. यंगोनाची, मुळं कुटून केलेल्या पेयाची, कटोरी फिरायला लागली. तोरिकाला कुणी विचारलं नाही. ती बायकांच्या रांगेत मागे बसली होती.

टाळ्या थांबल्यावर ती उठली आणि पुढं आली. असं कुणी करत नाही. म्हातारे काका म्हणाले, "बस, पोरी."

"बसते आजोबा. तुम्ही दात घेतला, त्याचा मान आहे. तुमच्याकडची माफी झाली." मग ती राईजेलीकडे वळली. "माझ्याकडची नाही झाली. जिथं खोटं बोललीस तिथं जाऊन खरं सांग. आणि माझं नाव घे. मग ये."

राईजेलीनं वर पाहिलं. डोळे सुजले होते. "तोरिका, आता ते सांगितलं तर काय होईल माहितीय? तिकडे सगळे म्हणतील, हीच खोटं बोलली होती. माझा पुढचा करार..."

"हो. म्हणतील."

"पण तो गेला ना! मी घालवला ना त्याला!"

"तू घालवलास," तोरिका म्हणाली. "त्याबद्दल मी तुला काही म्हणत नाही."

ती बाहेर गेली. म्हाताऱ्यांना तिचा राग आला. दात स्वीकारल्यावर असं बोलणं शोभत नाही. राईजेली नव्या वर्षाच्या आधीच परत गेली. कचेरीच्या वाटेला फिरकली नाही.

पुढच्या मोसमाच्या शेवटी लीगची माणसं माझ्या घरी आली. या वर्षीच्या तरुण खेळाडूला बक्षीस राईजेलीच्या हातून द्यायचं होतं, पण तिला येता येत नाही, तर तिच्या आईनं द्यावं, अशी विनंती. "धाडसी मुलीची आई." राईजेलीनंच सुचवलं होतं म्हणे. मी 'विचार करून सांगते' म्हटलं आणि नदी ओलांडली.

तोरिका तेव्हा लौटोकाच्या एका छोट्या क्लबात खेळायला लागली होती. विमलनं येऊन तिच्या दारात उभं राहून माफी मागितली होती, पण रीफमध्ये परत जायला ती तयार झाली नाही. मी तिला म्हटलं, "मला माइकवर उभं करतायत. मी खरं सांगितलं तर चालेल का तुला? नको म्हणालीस तर मी जाणारच नाही."

ती नखाखालचं पीठ काढत बसली. मग म्हणाली, "मला आजपर्यंत कुणी विचारलं नव्हतं." आणि मग, "सांग. पूर्ण नाव घे. बापाच्या नावासकट."

"तू येशील?"

"नाही. मला त्या हॉलमध्ये पाय नाही टाकवत."

मी गेले. मी बाजारात ओरडणारी बाई, व्यासपीठावर उभी राहणारी नव्हे. बक्षीस मिळालेली मुलगी कोवळी होती, कासव छातीशी धरून उभी होती. आधी मी तिला आशीर्वाद दिला, तिचा दिवस मला नासवायचा नव्हता. मग माइकमध्ये बोलले.

"तुम्ही मला धाडसी मुलीची आई म्हणून बोलावलंत. माझी मुलगी समितीसमोर खोटं बोलली होती. तिनं दार उघडलं होतं, सगळं पाहिलं होतं, आणि तिनं नाही म्हणून सांगितलं. याच हॉलमध्ये त्या खोट्याचं तुम्ही कौतुक केलंत. तिच्या आधी, एकटीनं, कुणाचा आधार नसताना खरं बोलली ती तोरिका. मालाकाईची तोरिका. तुम्ही तिला खोटारडी ठरवलंत आणि घरी बसवलंत. माफी मागायची तर तिची मागा."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अध्यक्षीणबाईंनी माइक घेतला आणि पुढचा कार्यक्रम सुरू केला. परतताना ट्रकमध्ये पाद्र्याची बायको माझ्या शेजारी सरकून बसली आणि माझ्या पाठीवर हात ठेवून राहिली.

लीगनं पुढं तोरिकाला लेखी माफी पाठवली, आणि एक विशेष बक्षीस देऊ केलं. ती म्हणाली, "तरुण खेळाडूचं असेल तर माझं वय गेलं. दुसरं कसलं असेल तर मला नको." सामने मात्र ती खेळते. अजून चेंडू बोटांवर उचलून नेते. ब्रिस्बेनहून कुणी विचारणा केली नाही, आणि आता करतील असं तिलाही वाटत नाही. बेकरीत आता ती भट्टी सांभाळते. रविवारी प्रार्थनेनंतर नदी ओलांडून आमच्याकडे जेवायला येते.

राईजेलीचा फोन त्या समारंभानंतर दुसऱ्याच दिवशी आला होता.

"आई, सगळ्यांसमोर? तू? मला आधी सांगितलं असतंस तर..."

"तू काय केलं असतंस?"

ते तिनं टाळलं. मग म्हणाली, "बाकीचे काहीही म्हणोत. तू माझी आई आहेस. तू असा दगा द्यायला नको होतास."

मी तिला सांगणार होते, की दगा कसा असतो ते मी आपल्याच स्वयंपाकघरात पाहिलंय. पण तिचा श्वास मला ऐकू येत होता, लहानपणी रडून थकल्यावर यायचा तसा. मी म्हटलं, "जेवलीस का?" तिनं फोन ठेवला.

आता ती फोन करते तो बापाला. मी शेजारी बसून ऐकते. तिचा करार वाढला, ती कॅप्टन झाली, खांदा दुखावला होता तो बरा झाला. इलिएसा फोन माझ्याकडे धरतो तेव्हा ती म्हणते, "बस चुकेल, ठेवते." तोरिका कधी जेवणाच्या वेळी तिथं असली तर ताटावरून मान वर करत नाही, पण मी पाहिलंय, तिचं चावणं थांबलेलं असतं.